कठड्यावरचे टॉवेल

बाळांनो, येत्या नाताळच्या सुट्टीत तुम्ही दोघं आमच्याकडे येणार आहात. मुलुंडच्या आपल्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा जाता-येता जिन्यात माणसं भेटणारच. दुसऱ्या मजल्यावर पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ आहेत. बँकेत होते, आता निवृत्त झालेत. ते तुमची चौकशी करतील. तुमची आई त्यांच्याशी बोलणार नाही. करोनाच्या साथीच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ती बोललेली नाही. तुम्ही तिला कारण विचाराल आणि ती सांगेल ते खोटं नसेल. पण ती तेव्हा इथे नव्हती. तिने सगळं फोनवर ऐकलं, तेही माझ्या रडण्यातून. म्हणून तुम्ही येण्याआधी मी हे लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, नोकरीतला सगळा पत्रव्यवहार मी इंग्रजीत केला, आणि तुम्हालाही इंग्रजीच सोपं गेलं असतं. पण ती संध्याकाळ मला इंग्रजीत आठवत नाही. वाचताना अडाल तिथे आईला विचारा.

तेव्हा आजोबांचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. किडन्यांनी करायचं काम यंत्र करतं, हे तुम्हाला माहीत आहे. एक वेळ चुकली तर पायांवर सूज येते. दोन चुकल्या तर आडवं झाल्यावर श्वास लागतो, कारण पाणी फुप्फुसात साठायला लागतं. त्याच्या पुढे काय होतं ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रिक्षा बंद होत्या. गाडी चालवणं मी सोडून दिलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. नाहूरच्या अलीकडे नाकाबंदी असायची. पोलिसाला फाइल दाखवायची, त्याने काठीनेच 'जा' म्हणायचं. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायची मला जास्त भीती वाटे. कोणी हॉर्न वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर नेहमी एक काका असायचे. आजोबांची आणि त्यांची क्रिकेटवरून वादावादी चाले. एका गुरुवारी ती खाट रिकामी होती. मी नर्सकडे पाहिलं, तिने नुसती मान हलवली. त्या दिवसापासून मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. त्यांना इस्पितळात नेलं नाही तर ते जातील. नेलं तर तिथून रोग घरी येईल. एकीपासून लांब जायचं तर दुसरीच्या जवळ जावं लागे.

टीव्हीवर रोज एकच भांडण. एकजण ओरडे, बंद ठेवा, नाहीतर माणसं आजाराने मरतील. दुसरा ओरडे, उघडा, नाहीतर उपाशी मरतील. मला दोघांचंही पटे, आणि त्याने आणखी घाबरायला होई. मग थोडं थोडं उघडायला सुरुवात झाली. आज रस्त्याच्या या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. आमच्या इमारतीत त्याचा परिणाम उलटाच झाला. बाहेर उघडतंय म्हटल्यावर आतली माणसं जास्त धास्तावली. तेवढ्यात शेजारच्या इमारतीत रुग्ण सापडला. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, एका बाईंना चालवत घेऊन गेली, आणि फाटकावर बांबू बांधले गेले. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीतून बघत होतो. त्या बाईंनी वर पाहिलं. कोणी हातसुद्धा हलवला नाही, मीही नाही.

दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपवर ठराव टाकला. सरकार उघडत असलं तरी आपण जास्त कडक व्हायचं. जो कोणी इस्पितळात जाईल त्याने चौदा दिवस बाहेर राहून, तपासणी करूनच इमारतीत परत यायचं. नाव कुणाचंच नव्हतं. पण इस्पितळात जाणारे इमारतीत आम्ही दोघंच होतो.

त्यांच्या घरात नुकतं बाळ आलं होतं. सून वेळेआधी बाळंत झाली होती आणि पोर मुठीएवढं होतं. आमचा जिना त्यांच्या दारावरून जातो.

मी ठराव आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "चौदा दिवस? मला तर एकदिवसाआड जायचंय. म्हणजे मी आता कायमचा बाहेर. तू डबा घेऊन येत जा."

"अहो, गंमत सुचतेय तुम्हाला?"

"गंमत नाही गं. त्या बाळाचा आजोबा मी असतो, तर मीही हेच लिहिलं असतं."

ग्रुपवर इतकं भांडण झालं, आणि मध्ये मध्ये काढ्याच्या कृती, की कोणाचं मत काय ते कळेना. शेवटी शनिवारी संध्याकाळी सभा ठरली. एकत्र बसायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या गॅलरीत उभं राहायचं. आमच्या इमारतीच्या दोन्ही बाजू अंगणाकडे तोंड करून समोरासमोर आहेत, त्यामुळे ते जमण्यासारखं होतं. अध्यक्ष खाली अंगणात उभे राहिले. ते शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात अजून शिट्टी.

"एकेकाने बोला! दुसरा मजला, आधी तुम्ही."

ते गृहस्थ बरोबर माझ्या खाली उभे होते. मला वरून फक्त कठड्यावरचे त्यांचे हात दिसत होते. "माझा कोणावर राग नाही," ते म्हणाले. "पण आठवड्यातून तीनदा ते माझ्या दाराला घासून जातात. आत इवलंसं पोर आहे. सरकारला उघडायचं ते उघडू दे. माझं दार मलाच सांभाळायला हवं."

"काका, आधी मास्क नाकावर घ्या!" समोरून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला रोज शिकवता!" थोडं हसणं झालं.

समोरच्या दुसऱ्या मजल्यावर गुजराती कुटुंब आहे, त्यांचं स्टेशनजवळ कपड्यांचं दुकान. ते पुढे झाले. "सगळे बोलतात बंद करा, बंद करा. मी दुकान कधी उघडू? आज इस्पितळवाला बाहेर, उद्या बोलाल दुकानवाला पण चौदा दिवस बाहेर. मग मी काय काउंटरवर झोपू?"

"झोप की! तिथे एसी आहे!"

"एसीचं बिल तू भर. काकी, मी तुमच्यासाठी नाय बोलत हां, माझ्यासाठी बोलतो. पण मत तुमच्याच बाजूला पडणार."

मग आमच्याच बाजूचा एक आवाज आला, पहिल्या मजल्यावरून. "देवळं बंद, लग्नं बंद, आम्ही मुलांना खाली खेळायला सोडत नाही, आणि इथे माणसं एकदिवसाआड फिरून येतायत."

फिरून.

अध्यक्षांनी वर पाहिलं. "तिसरा मजला, बोला वहिनी."

"डायलिसिस बंद केलं तर," मी म्हणाले आणि थांबले. आजोबा माझ्या पाठीमागे, आतल्या खाटेवर पडून होते. इस्पितळातून येऊन दोन तास झाले होते आणि ते जागे होते. त्यांच्या देखत ते वाक्य पुरं कसं करायचं?

आतून आवाज आला. "सांग की, मरेल म्हणावं. आणि मोठ्याने सांग, समोरच्यांना ऐकू जात नाही."

"ते जगणार नाहीत," मी म्हणाले. एवढं मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

खालच्या कठड्यावरचे हात तसेच होते, फक्त बोटं घट्ट झाली.

अध्यक्ष म्हणाले, "आता मतदान. मला वरचे हात दिसत नाहीत, चष्म्यावर वाफ धरतेय. ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी कठड्यावर टॉवेल टाका. नाही त्यांनी काही करू नका."

समोर एक टॉवेल पडला. मग त्याच्या वरच्या गॅलरीत एक. मग कोपऱ्यात दोन लागोपाठ. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं विरजण आणत होते त्या घरात एक. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. टॉवेल टाकायचा आणि लगेच आत वळायचं. मला वाटलं, आता यांना गाडीत घालून कुठे न्यायचं? कुठलं हॉटेल घेईल, कुठला नातेवाईक दार उघडेल? मी मनातल्या मनात ठाण्यापासून चेंबूरपर्यंत सगळी घरं फिरून आले. एकही दार उघडलं नाही.

अध्यक्ष बोट नाचवत मोजत अंगणात फिरले. शिट्टी वाजवली. "ठराव बहुमताने मंजूर होतोय. आणि तिसरा मजला, वहिनी, तुम्ही स्वतः पाठिंबा दिलात, तुमचं मन मोठं आहे."

मला काही कळेना. मग मी माझ्या समोरच्या कठड्याकडे पाहिलं. इस्पितळातून आलं की मी आजोबांचे सगळे कपडे जंतुनाशकात भिजवून धुवायची. त्या दुपारचंही धुणं तिथेच वाळत होतं. पायजमा, चादर, आणि दोन टॉवेल.

"अहो, ते धुणं आहे!" मी किंचाळले. "मत नाही ते, धुणं आहे!"

आधी कोणीच हसलं नाही. मग समोरचे दुकानवाले म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोचा गाऊन पण मोजला काय?" आणि दोन्ही बाजूंनी हशा उठला. मला हसू आलं नाही.

अध्यक्ष वैतागले. "शांत राहा! सगळ्यांनी आपापलं धुणं आत घ्या. मग कठड्यावर उरेल ते मत."

मी ओले कपडे कवेत घेतले. माझी साडी भिजली. समोर बघितलं तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मघाशी टाकलेला टॉवेल उचलला आणि दोन्ही हातांनी पिळला. त्यातून काही निघालं नाही, तो कोरडा होता. "मेलं वाळतच नाही आज," असं म्हणत त्या आत गेल्या. मग विरजणवाल्यांनी आपला टॉवेल झटकला, नीट घडी घातली आणि नेला. कोपऱ्यातले दोन्ही टॉवेल गेले. एकजण टॉवेलने कपाळ पुसत आत गेला. मी बघितलं होतं, यातला एकही टॉवेल धुण्यातला नव्हता.

शेवटी दोन-तीनच उरले. मी वाकून पाहिलं. खाली निळ्या चौकडीचा टॉवेल जिथल्या तिथे होता.

ठराव पडला. मी आत गेले, तुमच्या आईला फोन लावला, आणि तिच्या 'हॅलो'ला उत्तर द्यायच्या आत रडायला लागले. तिला त्यातून एवढंच समजलं की खालच्यांनी बाबांना घराबाहेर काढायला बघितलं. तेही खरंच होतं.

मंगळवारी आम्ही जिना उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. ते गृहस्थ उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.

"वहिनी, मी टॉवेल काढला नाही."

"पाहिलं मी."

"त्यांना जिन्याच्या कठड्याला हात लावू देऊ नका."

"हात नाही लावला तर पडतील."

ते थोडा वेळ आजोबांच्या पायांकडे बघत राहिले. "ठीक आहे," म्हणाले. "मग मी पुसून घेईन."

आणि ते खरोखरच पुसायला लागले. आम्ही वर गेलो की हातमोजे घालून, बादली घेऊन, तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत. चेहरा रागावलेला. आजोबा आमच्या दारातून खाली ओरडत, "आलो हो! पुसा!" आणि खालून उत्तर येई, "आज सावकाश चढलात, सगळीकडे हात लावलेत!" मी आजोबांना गप्प करायची. मला ती थट्टा सोसत नव्हती.

कारण पावसाळ्यात एकदा त्या बाळाला ताप आला. खालून रडणं ऐकू येई, आणि मग रडणं थांबे, ते जास्त भयंकर वाटे. ते गृहस्थ एकदा जिन्यात भेटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. मला कळत होतं ते काय विचार करतायत, कारण मी तोच करत होते. हा रोग आपण आणला. त्यांचं बरोबर होतं आणि आपण जिंकलो. तपासणीचा निकाल येईपर्यंत मला घास गिळता आला नाही. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "तिला काही झालं तर मी परत जाणार नाही तिकडे." मी त्यांना ओरडले नाही, समजावलंही नाही.

ताप साधा निघाला. ती मुलगी आता शाळेत जाते आणि जिन्यावर धाडधाड उड्या मारते.

तुमच्या आईने काय करावं ते मी सांगणार नाही. तिच्या वडिलांना कोणी दाराबाहेर ठेवू पाहिलं, हे तिने विसरावं असं मी कशी म्हणू? पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर जे घाबरलेले लोक होते त्यांच्यात मी एक होते, हे तुम्हाला माहीत असावं. बाजू कोणतीही घेतली असती तरी आमच्यापैकी कोणाला तरी जीव मुठीत धरूनच राहावं लागलं असतं.

आज गुरुवार. आजोबा डायलिसिसला गेलेत. हल्ली त्यांना थकवा जास्त येतो आणि वजन कमी झालं आहे. पण ते आहेत, आणि दुपारी जेवायला घरी येतील.