पितृपंधरवड्याची भिशी

पितृपंधरवड्यात आरोग्य विमा काढणारी मंगळवार पेठेतली मी बहुधा एकटीच बाई असेन. एजंट दारात चपला काढता काढताच म्हणाला होता, "ताई, धा-बारा दिस थांबा की. घटस्थापनेला करूया, चांगला मुहूर्त हाय." मी म्हटलं, आजारपण मुहूर्त बघून येत असेल तर मीही मुहूर्त बघते. तो बिचारा पिशवीतून कागद काढायला लागला. आईचा मात्र फोनवर पट्टा सुरू झाला. म्हाळाच्या दिवसांत कुणी साधी केरसुणी आणत नाही आणि तू लेकराच्या नावानं कागद करतेस, वगैरे. मी फोन बाजूला ठेवून भाजी फोडणीला टाकली. परत कानाला लावला तेव्हा ती तिथंच होती.

मला मुहूर्ताशी काही वैर नव्हतं. मी तो पंधरवडा मुद्दाम निवडला होता, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

मी बायकांना स्कूटर शिकवते. गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर सकाळी माझा क्लास असतो. नव्या नवरीपासून नातवंडं असलेल्या बायकांपर्यंत सगळ्या येतात, आणि आधी ब्रेक सोडायला घाबरतात, मग धरायला विसरतात. धंदा चांगला आहे, पण पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि जूनपासून माझी कमाई जवळजवळ बंद पडते. त्याच दिवसांत शाळेची फी, वह्या, रेनकोट. पावसाळा सरेपर्यंत घरात पैसा म्हणून टिकत नाही.

लग्न होतं तोवर नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघी मायलेकी होतो. वेगळे झाल्यावर तो म्हणाला, मुलीचं नाव ठेवतो. ठेवलं नाही. हे मला कळलं एका दवाखान्याच्या काउंटरवर, मुलगी आत तोंडाला वाफेचा मास्क लावून बसलेली असताना. तिला लहानपणापासून दमा आहे. काउंटरवरच्या मुलीनं नाव दोनदा टाकून बघितलं आणि मान हलवली. मी तिथंच नवऱ्याला एक सणसणीत शिवी दिली, चांगली मोठ्यानं. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. कानातले गहाण ठेवून बिल भागवलं आणि ठरवलं, आता आमचा विमा आमच्या नावावर.

आता त्या हप्त्याचं. वर्षाचा हप्ता एकदम भरायचा, तोही पावसाळ्याच्या तोंडातून बाहेर पडताना, हे माझ्या एकटीच्या कमाईत बसणारं नव्हतं. पण आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. बारा जणी, दर महिन्याला सारखी रक्कम, आणि संकष्टीच्या संध्याकाळी चंद्र उगवायच्या आधी ज्या बाईचा महिना असेल तिला सगळी रक्कम मिळते. महिने गुढीपाडव्याला ठरतात. जिला जो हवा तिनं हात वर करायचा, दोघींनी केला तर चिठ्ठी. दिवाळीच्या महिन्यावर दरवर्षी भांडण. गौरी-गणपतीच्या आधीच्या श्रावणावर तर हमरीतुमरी. भाद्रपदातली संकष्टी मात्र पितृपंधरवड्यात येते. त्या दिवसांत ना सोनं घेता येत, ना साडी, ना फ्रीज. हातात पैसे येऊन नुसते बघत बसायचे. म्हणून तो महिना कुणालाच नको असायचा.

मी भिशीत नवीन होते. त्या पाडव्याला भाद्रपदाचं नाव निघालं, सगळ्या जमिनीकडं बघायला लागल्या आणि मी हात वर केला. "मला द्या, पोरीच्या विम्याला लागणार आहेत," म्हटलं. कुणी चकार शब्द काढला नाही. सप्टेंबरात संकष्टीला पैसे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी विमा काढला. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हप्ता त्याच सुमाराला, पुन्हा पितृपंधरवडा, पुन्हा माझाच हात. चिठ्ठी नाही, भांडण नाही, कुणाची मनधरणी नाही. मैदानावर येणाऱ्या एकटीनं संसार चालवणाऱ्या बायकांना मी हे सांगत सुटायची. ज्या महिन्याला गिऱ्हाईक नाही तो धरा, म्हणायची. आमच्या गल्लीतही कितीदा बोलून दाखवलं असेल.

दुसऱ्या वर्षीचा हप्ता बिनबोभाट गेला. तिसरा महत्त्वाचा होता. मुलीचा दमा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. एजंट म्हणाला होता, कशाला लिवताय, पोरीची जात हाय, उद्या लगीन करायचंय. त्याला मी उठवूनच लावणार होते. पण सांगितलं म्हणून जुन्या आजाराला दोन वर्षं थांबायचं होतं. दोन वर्षं खंड न पडता हप्ते गेले आणि तिसरा वेळेवर भरला की त्या दिवसापासून दमाही विम्यात येणार. मी त्या दिवसाकडं डोळे लावून बसले होते.

ऑगस्टात एजंटचा मेसेज आला, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आहे. मी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. हप्त्याच्या आसपासच्या चौकोनांत गणपती छापलेला होता. भाद्रपदातली संकष्टी त्या पानावर कुठंच दिसेना. पुढचं पान उलटलं तर ती ऑक्टोबरात जाऊन बसलेली, हप्त्याची तारीख उलटून गेल्यावर. त्या वर्षी अधिक महिना आला होता. अख्खं पंचांग महिनाभर पुढं सरकलं होतं आणि विम्याची तारीख इंग्रजी, ती जागची हलली नव्हती.

आता हे मला पाडव्याला दिसायला नको होतं का? पण अधिक महिना म्हटलं की आमच्याकडं जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, एवढंच डोक्यात. आमच्या घरचा जावई केव्हाच बाद झाला होता, त्यामुळं त्या महिन्याकडं बघायचं मला कारणच नव्हतं. भिशीनंही अधिकात सुट्टी घेतली, तेव्हा मी उलट खूशच झाले होते, की एक महिना पैसे द्यायला नकोत.

एजंट म्हणाला, "काय घाबरायचं न्हाय, तारीख गेल्यावर बी म्हैनाभर मुदत असती की. पॉलिसी तुटत न्हाय." मी विचारलं, आणि मधल्या दिवसांत पोरीला काही झालं तर? तो म्हणाला, "तेवढं मातर मिळायचं न्हाय." मधले दिवस म्हणजे गणपती. आमच्या पेठेत गणपती म्हणजे गुलाल, फटाके, धूर. तिचा दमा वर्षभर झोपला तरी तेव्हा हमखास उठतो. कुणीही सांगितलं असतं की आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे. मला ते आठ-दहा दिवसच नको होते.

हप्त्याच्या आधी एकच संकष्टी उरली होती, श्रावणातली. ती चिठ्ठीवर अक्कांना निघाली होती. अक्का आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीण. निपाणीकडच्या लिंगायत घरातल्या, नवरा गेल्यावर दुकान एकटीनं चालवतात. बोलणं थोडकं आणि तेही तराजूकडं बघत. गल्लीत सगळ्यांनी धरलं होतं की यंदा अक्का गौरीला चांदीचे मुखवटे करणार. आता त्यांच्याकडं जाऊन मी काय म्हणणार होते? की तुमचा सोन्यासारखा श्रावण मला द्या आणि माझा म्हाळाचा महिना घ्या? त्या महिन्याला गिऱ्हाईक नाही हे मीच गल्लीभर सांगितलं होतं.

दोन दिवस मी दुकानापुढून नुसती स्कूटर नेली. तिसऱ्या दिवशी स्वतःचाच राग आला. रोज बायकांना सांगते, घाबरलात की गाडी पडते, आणि स्वतः काय करतेय. दुकानात गेले आणि एका दमात सगळं सांगितलं, दमा, तारीख, अधिक महिना. अक्का साबुदाणा जोखत होत्या. पुडी बांधून झाली तेव्हा म्हणाल्या, "घे की."

मी म्हटलं, "अक्का, पण तुम्हाला पैसे पितृपंधरवड्यात मिळतील."

"व्हय. कळालं मला."

"मुखवटे राहतील तुमचे."

"कसलं मुखवटं? कोण बोललं?" त्यांनी दोरा तोडला. "माझं काय आडत न्हाय. घे तू."

मला ते खटकलं. दया करतेय बाई माझ्यावर, असं वाटलं, आणि दया मला पचत नाही. तरी मी तो महिना घेतला. माझा ताठा मुलीच्या श्वासापेक्षा मोठा नव्हता. संकष्टीला रक्कम हातात आली आणि तारखेच्या कितीतरी आधी हप्ता भरून मोकळी झाले.

विसर्जनाच्या दिवशी दुपारीच मिरवणुकांना सुरुवात झाली. मुलगी मैत्रिणींबरोबर कोपऱ्यापर्यंत बघायला गेली आणि परत आली ती भिंतीला धरून. ओठ सुकलेले, गळ्याखाली खळगा पडत होता. पंपाचे दोन झोत देऊनही फरक नाही. रिक्षा मिळणं शक्य नव्हतं, रस्ते बंद. तिला स्कूटरवर पुढं उभी करायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून मागं बसवून ओढणीनं माझ्या कमरेला बांधलं आणि बोळाबोळांतून गाडी काढली. एका ठिकाणी मंडळाच्या पोरांनी वाट अडवली. मी गाडी न थांबवता ओरडले आणि पोरांनीच ढोल बाजूला ओढून वाट दिली. त्या दिवशी माझा हात जराही कापला नाही. शिकवणारी बाई मी, कापून कसं चालेल.

दवाखान्यात चार दिवस काढले. काउंटरवर पॉलिसीचा नंबर दिला आणि तिथल्या माणसानं टाकून बघितला. तेवढा वेळ मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. कंपनीकडून एक शंका आली, दमा कधीपासून. ते पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. या वेळी काही गहाण ठेवावं लागलं नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि एकटीच हसले.

मुलगी घरी येऊन हिंडायला-फिरायला लागल्यावर मी अक्कांच्या दुकानात गेले. पितृपंधरवडा चालू होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रवा, मैदा, पातळ पोहे, डाळं, शेंगदाणे, पोत्यांवर पोती. अक्का हमालाला जागा दाखवत होत्या.

"एवढं काय आणलंत?"

"दिवाळीचं. आत्ताच आणायचं असतंय. म्हाळात बाजारात चिटपाखरू न्हाय, कोण सौदाच करत न्हाय. मग व्यापारी दर मोडून देतोय. नवरातर बसलं की भाव चढला."

"आणि तुम्हाला चालतं? या दिवसांत?"

"आमच्यात म्हाळ न्हाय गं. माणूस गेला की लिंगैक्य झाला. पैसं आलं संकष्टीला की दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीपुरीत, घाऊक बाजारात."

मी पोत्याला टेकले. डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि ते मला नको होतं. विचारलं, "अक्का, मी भिशीत यायच्या आधी भाद्रपदाचा महिना कोण घ्यायचं?"

त्यांनी हमालाला हातानंच पोतं डावीकडं सरकवायला सांगितलं. "मीच की. दरसाल. बाकीच्यास्नी वाटायचं, उरलेला घेती."

"मग गेली दोन वर्षं?"

"उधारीवर आणला माल. दर जरा जास्त पडला. चालतंय."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू हात वर केलतास. पोरीच्या विम्याला म्हणालीस." आणि लगेच, "पोरगी जेवतीया का नीट?"

कुणाच्या मिंधेपणात न राहता विमा चालवते म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि त्यातली दोन वर्षं ही बाई माझ्यासाठी चढ्या दरानं पोती उचलत होती. मला आधी राग आला, तिचा आणि माझा दोघींचा. मग एवढी माया दाटून आली की मी अर्धा किलो शेंगदाणे मागितले, घरात होते तरी.

पुढच्या पाडव्याला भिशीच्या बायका जमल्या. भाद्रपदाचं नाव निघालं तशा सगळ्या सवयीनं माझ्याकडं वळल्या. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. म्हटलं, "तो अक्कांचा आहे."

अक्का म्हणाल्या, "आणि तुझा हप्ता?"

"मी आषाढ घेते." पण या वेळी हात वर करायच्या आधी मी प्रत्येकीच्या तोंडाकडं बघून विचारलं, तुला हवाय का, खरं सांग. एकीला सुद्धा सोडलं नाही. बायका वैतागल्या. मग मी अक्कांकडं वळले. "फक्त पावसाळ्यात माझ्या घरात पैसा टिकत नाही. सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडं ठेवा. मी मागितले तरी देऊ नका."

अक्कांनी जरा विचार केला. "व्याज मिळायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"मागितलंय कुणी?" म्हणत मी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते, आणि आमच्या गल्लीतल्या बायका असलं काही दिसलं की वर्षभर चिडवतात.