मामाने बुजवलेली फट

इलेक्ट्रिक गिटारला फुंक लागत नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण माझा मामा तारपे दुरुस्त करणारा माणूस. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि हे सगळं जोडणारं मेण, यातच त्याचा जन्म गेला. कुणी तारपा फुंकायचा आणि मामा सांध्याला गाल लावून सांगायचा, हवा इथून जातेय. लोक लांबलांबून तारपे घेऊन पोशेऱ्याला आमच्या घरी यायचे.

मी जव्हारच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. घरी सराव करताना अॅम्प्लिफायर लावत नाही, कारण वीज असली तर ना! तशी वाजवली की ही गिटार डासासारखी कुणकुणते. मामा ओट्यावर बसून ऐकायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. एवढं मोठं लाकूड आणि आवाज एवढुसा? म्हणजे कुठून तरी गळतंय. शोधता शोधता त्याला सापडली ती फट, जिथे गिटारचा लांब दांडा धडाच्या खोबणीत बसतो तिथली. ती असतेच, कागद सरकेल एवढी. दांडा नुसत्या स्क्रूंवर धरलेला असतो. मी वाड्याला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा मामाने स्क्रू काढले, दोन ट्यूब मिसळून करतात तो गोंद खोबणीत ओतला आणि दांडा पुन्हा घट्ट आवळून टाकला. वरून कडेने मेणाचा हातही फिरवला.

परत आलो आणि पाहिलं, दांडा आता सहजी निघणार नव्हता. पण मामा समोरच उभा. "आता बघ आवाज कसा सुटतो," म्हणाला. त्या तोंडाकडे बघून काय बोलणार? मी वायर जोडली, नेमकी वीज होती, अॅम्प्लिफायर मोठा केला आणि अशी तार छेडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. "मामा, तुझ्या हाताला तोड नाय," मी म्हणालो. झालं! मामाने ते गावभर सांगितलं. शहरातली वस्तूपण मी नीट करतो, म्हणाला.

पुढे पावसाळ्यांच्या ओलीने दांडा वाकला. तारा इतक्या वर उठल्या की दाबता दाबता बोटं सोलून निघायची. दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती पिळली की दांडा सरळ होतो. पण माझ्या गिटारीत त्या सळईचं तोंड खालच्या टोकाला, म्हणजे थेट गोंदात गाडलेलं. दांडा काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मामाला तर कळता कामा नये. त्याची नजर अधू झालेली, शेतात होत नव्हतं, तारपा फुंकायला दम उरला नव्हता. आपले हात अजून चालतात, एवढ्यावर गडी उभा होता.

तो लेकीकडे जामसरला गेला तेव्हा मी गिटार काढली. तारा उतरवल्या, स्क्रू काढले, दांडा ढिम्म हलेना. दांड्यावर जाड कापड टाकून इस्त्री ठेवली, म्हणजे आतला गोंद गरम होऊन मऊ पडेल. मग पुट्टी भरायची पातळ पट्टी तापवून फटीत घातली. थोडी आत जाई की अडके. रंगाला फोड आले, हात भाजला, आणि तेवढ्यात लाकडाने कडकन आवाज केला. माझं टाळकंच सरकलं. मी ओरडलो, "कुठल्या गाढवाने एवढा गोंद ओतलाय! हात कलम करायला पाहिजेत त्याचे!"

"मी ओतलाय," दारातून मामा म्हणाला. कुणाची तरी जीप मिळाली म्हणून लवकर आला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी थापा मारायला तोंड उघडलं, पण तो आत येऊन खाली बसला आणि त्याने गिटारचं धड मांडीवर घट्ट दाबून धरलं. "ओढ," म्हणाला. मी दांडा हलवत राहिलो, पट्टी सरकवत राहिलो, आणि शेवटी तो गोंदाच्या पापुद्र्यांसकट सुटला. मामाने खोबणीवरून बोट फिरवलं.

"याला हवा नाय लागत?"

"नाय मामा. करंटवर चालते."

"मग तवा बोलला का नाय?"

तुला बरं वाटावं म्हणून, असं ओठांवर आलं होतं. मी गोंदाचे पापुद्रे खरवडू लागलो, पण त्याला कळलंच. तो उठून हातपाय धुवायला गेला.

गिटार आता झकास वाजते. तिच्याकडे बघून मात्र वाटतं, तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मामाने मला दोन शिव्या हासडल्या असत्या, आम्ही हसलो असतो आणि विषय मिटला असता. गोड बोलून मी त्याचा घात केला.

भातकापणीनंतर जामसरचा एक जुना तारपेवाला आला. मामाने तारपा हातात घेतला नाही. तो माणूस चक्रावला. "असं काय करतो? मागल्या टायमाला काय झ्याक केला होता तू!"

मामाने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि त्या माणसाला विचारलं, "खरं झाला होता, का तूपण उगा बोलतो?"

तो माणूस शपथा घेऊ लागला. मामा ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला दिसत होतं की त्यातलं एक अक्षरही त्याला खरं वाटत नाहीये.