छायाताईंचा ‘पाहू नये’

छाया दुशिंग यांना आमच्या नाशिकरोडच्या चर्चमध्ये लहानथोर सगळे छायाताई म्हणतात. वय सदुसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. सिन्नरकडच्या सरकारी दवाखान्यात त्या बत्तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. पेशंट त्यांना सिस्टर म्हणायचे आणि त्या कॅथलिक, म्हणून पुष्कळांना त्या मठातल्या ननच वाटायच्या. “मठातली असते तर पिक्चर कोण बघू देणार होतं मला?” असं त्या हसून म्हणत. कारण सिनेमा हे त्यांचं एकुलतं एक वेड होतं.

हे वेड चर्चच्या कामी आलं ते फादर इग्नेशियस यांच्यामुळे. छायाताई निवृत्त होऊन इकडे राहायला आल्या त्या वर्षी एका आईने रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर चर्चच्या पायरीवरच फादरना विचारलं, “पोरी अमुक पिक्चरला जायचं म्हणतात. पाप तर नाही ना?” फादर म्हणाले, “मी थिएटरात जात नाही. या छायाबाई जातात, त्यांना विचारा.” दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दाराजवळच्या काचेच्या फलकातला एक कोपरा छायाताईंना दिला, आणि एकच गोष्ट सांगितली. पडद्यावर पाप दिसलं म्हणून चित्रपट पापी होत नाही. पाप तर पवित्र शास्त्रातही पानोपानी आहे, भावाने भावाचा जीव घेतलेला आहे. बघायचं ते एवढंच, की या चित्रपटाने आपल्याला त्या पापाची चीड आणली की चटक लावली.

तेव्हापासून छायाताई दर शुक्रवारी दुपारचा खेळ बघायच्या आणि शनिवारी फलकात कागद लावायच्या. चार-पाच ओळी, शाईच्या पेनने, दवाखान्याच्या रिपोर्टबुकात लिहावं तशा सरळ. शेवटी शेरा : ‘सगळ्यांनी पाहावा’, ‘मोठ्यांनीच पाहावा’ किंवा ‘पाहावा आणि घरी बोलावं’. ‘पाहू नये’ हा शेरा त्यांनी नऊ वर्षांत तीनदा दिला होता. म्हणायच्या, “लोकांचा आनंद काढून घ्यायला मला कुणी नेमलेलं नाही.”

मग फादर इग्नेशियस यांची बदली झाली आणि पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचे, सेक्रेटरी म्हणून विल्सन पठारे आले. माणूस कामसू, पण प्रत्येक चित्रपटाचा निकाल त्यांच्या मोबाइलवर आधीच लागलेला असायचा. कुणीतरी पुढे ढकललेला निरोप यायचा, अमुक चित्रपट धर्माच्या विरोधात आहे, सर्वांना पाठवा, की हे फलकाकडे निघाले. गेल्या वर्षी एका चित्रपटात एक विधवा बाई पुन्हा लग्न करते आणि नव्या नवऱ्याला मिठी मारते. त्यावर ‘पाहू नये’ लिहा म्हणून ते छायाताईंच्या मागेच लागले.

“तुम्ही पाहिलात?” छायाताईंनी विचारलं.

“पाहायची गरज काय? असलं काही मी पाहत नाही.”

“मग असलं म्हणजे कसलं, ते तुम्हाला कळलं कुठून?” असं म्हणून त्यांनी ‘मोठ्यांनीच पाहावा’ लिहिलं आणि काच लावून घेतली.

यंदा फेब्रुवारीत कौन्सिलने ठरवलं की चर्चने खास कुटुंबांसाठी ठेवलेल्या रविवारी सगळ्यांनी मिळून चित्रपटाला जायचं. चित्रपट कोणता, तर त्या वेळी जोरात चाललेला एक कौटुंबिक चित्रपट. चुंबन नाही, दारू नाही, नायक रोज आईच्या पाया पडणारा. बस ठरली, पन्नास जणांनी नावं दिली. छायाताई आधीच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे एकट्या जाऊन बघून आल्या.

त्या दिवशी त्या थेट माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या शेजारी राहते, शाळेत शिकवते. चपला काढल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत.

“मध्यंतरानंतर तो बायकोच्या थोबाडीत मारतो,” त्या म्हणाल्या. “का, तर ती त्याच्या आईला उलटून बोलते. आणि हॉलमधले लोक टाळ्या वाजवतात! शिट्ट्या! माझ्या शेजारची बाई मांडीवरच्या लेकराचे हात धरून टाळ्या वाजवत होती. पुढच्या सीनमध्ये बायको रडत रडत सासूच्या पाया पडते, वर देवळातल्या घंटा. म्हणजे तिला शहाणपण आलं.”

“ताई, पिक्चर आहे,” मी म्हटलं.

“पिक्चर आहे म्हणूनच सांगते!” त्यांचा आवाज चढला. “मारणारा नवरा दाखवला याचा मला राग नाही. दाखवावा, खुशाल दाखवावा. पण मारलं म्हणून घर सुधारलं, असं दाखवतात? बत्तीस वर्षं मी टाके घालायला मदत केली. शेतावरच्या बाया यायच्या, एमआयडीसीतल्या साहेबांच्या बायका यायच्या. कान फुटलेला असायचा, जबडा सुजलेला असायचा आणि सगळ्यांचं उत्तर एकच, दार लागलं. बत्तीस वर्षांत सिन्नर तालुक्यातली दारंच बायकांना मारत होती, नवरा एकीचाही नाही!”

शनिवारी त्यांनी कागद लावला. थोबाडीत मारण्याचा प्रसंग, त्यावरच्या टाळ्या, नंतरच्या घंटा, सगळं लिहिलं. शेवटी शेरा : ‘पाहू नये. कुटुंबासह तर मुळीच नाही.’

रविवारी सकाळी आठच्या मिस्साला आम्ही गेलो तर कागद नव्हता. त्या जागी रंगीत छापलेला कागद होता, ‘कुटुंबासह अवश्य पाहा’, खाली बसची वेळ. छायाताई त्या काचेसमोर किती तरी वेळ उभ्या होत्या. मिस्सानंतर हॉलमध्ये सहलीची बैठक होती. तिथे त्या सरळ पुढे गेल्या.

“माझा कागद कुणी काढला?”

“मी काढला, ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीनं,” विल्सन म्हणाले. “छायाताई, लोकांची नावं येऊन गेली आहेत. आणि आक्षेप घेण्यासारखं काय आहे त्यात? एक वाईट दृश्य दाखवा.”

“थोबाडीत मारतो ते?”

“अहो, एक चापट तर आहे!” त्यांनी हसून सगळ्यांकडे पाहिलं, आणि काही माणसं हसलीही. “घरात भांड्याला भांडं लागतंच.”

“चापट,” छायाताई म्हणाल्या. “मिठी मारली तर पाप आणि मारलं तर संस्कार! कुठल्या शुभवर्तमानात वाचलंत हे? एका माणसाने दुसऱ्याच्या तोंडावर मारलं आणि आपण त्याला टाळ्या वाजवल्या, हे तुम्हाला घाण वाटत नाही, आणि बाईचा उघडा खांदा घाण वाटतो?”

“तुम्ही संसार केलेला नाही, ताई,” विल्सन म्हणाले. “तुम्हाला नाही कळायचं ते.”

छायाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. आम्ही सगळे बसून राहिलो. मीही. त्याची लाज मला आजही वाटते.

बोलल्या त्या चिमणाबाई. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या विंचूरकडच्या, जपमाळेशिवाय कधी तोंड न उघडणाऱ्या. नात स्नेहलचा हात धरून त्या उठल्या.

“मी केलाय संसार,” त्या म्हणाल्या. “मला कळतंय. ह्या कानानं मला चाळीस वर्षं ऐकू येत नाय. एकच चापट व्हती. फादरला सांगाया गेले तर त्या वक्ताचे फादर म्हनले, सोसून घे बाई. मी सोसलं. आता ह्या पोरींना बसमंदी घालून ते बघाया नेता व्हय? आन् टाळ्या वाजवाया लावता?” मग विल्सनकडे बोट केलं. “लावा तिचा कागद.”

फादर बेनेडिक्ट, आमचे नवे फादर, कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठले, चिमणाबाईंपाशी गेले आणि वाकून त्यांच्या दुसऱ्या, धड कानाजवळ बोलले, “आजी, ते चुकीचं सांगितलं तुम्हाला. चर्चनं चुकीचं सांगितलं.” एवढं मात्र मी स्वतः ऐकलं. पण सहल रद्द करा, असं ते म्हणाले नाहीत. ज्याला जायचं त्याने जावं, दोन्ही कागद शेजारी शेजारी लावा, असा निकाल त्यांनी दिला.

छायाताईंना तो निकाल अजिबात पटला नाही. “दवाखान्यात औषधाची बाटली आणि विषाची बाटली शेजारी ठेवून आम्ही म्हणत नव्हतो की ज्याला जी आवडेल ती घ्या,” त्या तिथेच म्हणाल्या. फादरांचे कान लाल झाले. तरी निकाल बदलला नाही.

त्याच दुपारी बस गेली. पन्नासांपैकी एकवीस जण गेले. विल्सन दाराशी उभे राहून माणसं मोजत होते. परत आलेल्यांपैकी दोघी-तिघींनी सांगितलं, त्या प्रसंगाला हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, पण आमच्या रांगेतून कमी वाजल्या. हे सांगून छायाताईंना बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. छायाताई म्हणाल्या, “कमी? म्हणजे वाजल्याच ना!”

पुढच्या महिन्यात कौन्सिलने ठराव केला की फलकातला चित्रपटाचा मजकूर आधी सेक्रेटरींना दाखवावा. छायाताईंनी फलकाची किल्ली फादरांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, जो माणूस चित्रपट बघत नाही, त्याला मी माझं लिखाण तपासायला देणार नाही. फादरांनी दोनदा घरी येऊन समजावलं. त्यांना चहा मिळाला, होकार मिळाला नाही.

शुक्रवारचा खेळ त्यांनी सोडलेला नाही. आता मिस्सानंतर बायका त्यांना पायरीवरच गाठतात, स्नेहल तर सगळ्यांच्या आधी. परवा तिने विचारलं, “ताई, लग्न ठरलंय माझं. त्याच्याबरोबर या आठवड्याचा बघू का?”

“बघ,” छायाताई म्हणाल्या. “आणि पडद्याकडे कमी बघ. तो कशाला हसतो, ते बघ.”