चुकलंच आमचं

गावाकडच्या बायकांना घरी पर्यटक उतरवायला शिकवणं हे माझं काम. ऑफिस कोल्हापूरच्या राजारामपुरीत, वर्ग जयसिंगपूरच्या एका हॉलमध्ये. चादर कशी घालायची, संडास कसा ठेवायचा, पाहुण्याशी किती बोलायचं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्या वर्गातली सगळ्यात हुशार बाई कुरुंदवाडजवळच्या खेड्यातली. मळ्यात दोन खोल्या बांधल्या, त्यापायी तिनं शिवणकाम सोडलं. त्या चालायलाच हव्या होत्या.

पहिले पाहुणे यायच्या आधी मी बघायला गेले. घराच्या पुढच्या सोप्यात शिरताच समोर बुद्धाची मोठी तसबीर. मला ती आवडली आणि धास्तीही वाटली. आडनाव कळल्याशिवाय पाण्याला हात न लावणारी माणसं अजून आहेत, माझ्याच नात्यात आहेत. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, “ही आत लावू या. पाहुण्यांना आधी नीट जेवू दे.”

तिनं तसबीर खिळ्यावरून उतरवली. “तुमी म्हणताय तर लावतो की.”

पुण्याहून एक कुटुंब आलं, दोन दिवसांच्या मुक्कामाला. मी मुद्दाम थांबले होते. भरली वांगी, भाकरी, खर्डा. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. त्यातल्या म्हाताऱ्या बाई हात धुवायला उठल्या आणि जाता जाता त्यांची नजर आतल्या खोलीत गेली. परत येऊन त्या मुलाच्या कानाशी काहीतरी बोलल्या. उघडलेल्या बॅगा पुन्हा गाडीत गेल्या.

मुलानं मला गाडीपाशी बोलावलं. “आई जुन्या वळणाची आहे. तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

“सॉरी, चुकलंच आमचं,” मी म्हणाले. सवयीनं म्हणाले. पाहुणा नाराज झाला की आधी माफी मागायची, हे वर्गात मीच शिकवते.

गाडी गेली. वळून पाहिलं तर ती मागेच उभी होती, त्यांच्यासाठी आणलेला ताकाचा तांब्या हातात घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

“मॅडम, माफी कशाची मागितलीसा? भाकरी कच्ची हुती, का चादर मळकी हुती?”

“तसं काही नाही,” मी म्हणाले.

“मग काय चुकलं ते सांगा की,” ती म्हणाली. वर्गात शंका विचारायची, त्याच सुरात. “म्हंजे सुधारता येईल.”