महिनाच झालाय, साहेब

माझं झेरॉक्सचं दुकान वाळूजला आहे, कंपन्यांच्या बसेस थांबतात त्या चौकापासून जरा आत. नवरा कंपनीत होता. तो गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलं आणि मशीन घेतलं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. बिहारचे, ओडिशाचे, इकडं हिंगोली-परभणीचे, नवीन माणूस कामाला आला की कंपनीच्या गेटवर जायच्या आधी माझ्याकडं येतो. गेटवर कागद मागतात. आणि हमखास विचारतो, "मॅडम, रोज जवळ काय काय ठेवायचं?"

मी सांगायची. आधार खिशात ठेव, पण मूळ नको, झेरॉक्स ठेव. मतदान कार्ड असलं तर तेही. बाकी सगळं एका फाइलीत घालून घरी ठेव आणि फाइल कुठं आहे ते बायकोला सांगून ठेव. लोक मान डोलवायचे. कागदांतलं या बाईला कळतं, असं चौकात माझं नाव होतं, आणि मला ते आवडायचं.

मागच्या अंगाला माझी एक खोली आहे. तीन वर्षं तिथं एक फरशीवाला आणि त्याची बायको राहत होती. बंगालातलं मालदा जिल्ह्यातलं माणूस, मुसलमान. फरशी अशी बसवायचा की गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. बोलायचा कमी. बायको मात्र मोडक्या हिंदीत दिवसभर बोलायची. मला चिकनगुनिया झाला तेव्हा पंधरा दिवस तिनंच खाऊ घातलं. माझे गुडघे धरलेले, भांडं उचलवत नव्हतं. ती पातळ खिचडी करून आणायची, समोर बसायची आणि संपेपर्यंत उठायची नाही.

त्याची फाइल मीच लावून दिली होती. आधार, पॅन, मतदान कार्ड, शाळेचा दाखला, बापाच्या जमिनीचे कागद. शेवटचे दोन बंगालीत होते. सगळ्यांच्या रंगीत झेरॉक्स काढून मी मूळ कागदांबरोबर नीट प्लास्टिकमध्ये घातल्या. फक्त एक कागद नव्हता. घरमालकानं भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची असते, तो फॉर्म. त्यानं मला दोनदा विचारलं होतं, "दीदी, वो थाने वाला फॉर्म?" लोकांचे असे फॉर्म मी रोज भरते. त्याला म्हणाले, "करू की." केला नाही. मागची खोली परवानगी न घेता बांधलेली, ती कशाला कागदावर आणायची, एवढंच माझं कारण.

त्या सोमवारी सकाळी तो कामाच्या नाक्यावर उभा होता. बांगलादेशी शोधायची मोहीम चालू होती. पोलिसांची गाडी आली, बोली ऐकून चार जणांना बाजूला काढलं, त्यात हा. त्यानं खिशातलं आधार दाखवलं. मी सांगितलं होतं तसं, झेरॉक्स. साहेब म्हणाले, मूळ कुठाय?

बायको धावत दुकानात आली. मी शटर ओढलं, फाइल घेतली आणि तिच्याबरोबर ठाण्यात गेले. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. कागद पुरे आहेत, मीच तर लावलेत.

साहेब वयानं माझ्याएवढेच असतील. बोलायला वाईट नव्हते. फाइल उघडून एकेक कागद बाजूला ठेवत गेले.

"आधार म्हणजे नागरिकत्व नाय, ताई. हे मतदान कार्ड, असली तर लई बनतात. आणि हे काय?"

"शाळेचा दाखला, साहेब."

"ही लिपी कुणी वाचायची? मी?"

बायको मधेच म्हणाली, "साब, दोलिल है. बाप का दोलिल है."

"ए, दलील नाय करायची इथं!" हवालदार ओरडला.

तिकडं दोलिल म्हणजे खरेदीखत. तिच्या सासऱ्याच्या जमिनीचं. ती बिचारी कागद दाखवत होती आणि हवालदाराला वाटलं, बाई वाद घालतेय. मी समजावून सांगितलं. साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. बापाचं नाव पॅनवर इंग्रजीत शेख होतं, मतदान कार्डावर सेख. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मला त्या वेळी माझे वडील आठवायला हवे होते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा पन्नास सालाच्या आधीपासून इथलेच आहेत, याचा पुरावा हवा होता. आमचं गाव खुलताबादकडं. निजामाच्या काळातली नोंद, सगळी उर्दूत. वडिलांना एक अक्षर येत नव्हतं. शहरातल्या एका म्हाताऱ्या मौलवींनी ती वाचून मराठीत लिहून दिली, आणि ती चालली. आजोबांचं नाव त्यात तीन तऱ्हेनं लिहिलेलं होतं, तरी चालली. माझ्या स्वतःच्या आधारवर अजून औरंगाबाद आहे आणि दुकानाच्या परवान्यावर छत्रपती संभाजीनगर. तू नेमकी कुठली, असं मला कुणी विचारलं नाही. हे सगळं तिथं बोलायला पाहिजे होतं. सुचलं ते घरी आल्यावर.

कारण तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "हा तुमच्या घरात राहतो ना? भाडेकरूची नोंद कुठाय?"

त्याची बायको शेजारी उभी होती.

"महिनाच झालाय, साहेब," मी म्हणाले. "करणारच होते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली. बायकोला एवढं मराठी कळत नसावं, असं मी धरून चालले. परतताना रिक्षात ती माझा हात धरून बसली होती.

तीन दिवस ती रोज डबा घेऊन जायची आणि मी दुकान उघडायची. गल्लीतल्या बाया झेरॉक्सच्या निमित्तानं यायच्या आणि मागच्या खोलीकडं पाहून विचारायच्या, "तुम्हाला कधी शंका नाय आली?" तीन वर्षं ज्याच्याकडून यांनी स्वयंपाकघराच्या फरशा बसवून घेतल्या, त्याच्याबद्दल. मी म्हणायची, "चौकशी चालूय." यापलीकडं माझी जीभ गेली नाही.

चौथ्या दिवशी ती आली ती डबा तसाच घेऊन. त्यांनी आत घेतलाच नव्हता. ओट्यावर बसली.

"दीदी, वो बोलते, तेरा आदमी झूठा है. वो बोला तीन साल से इधर रहता. साब बोला, मकानवाली लिख के दी, एक महीना. दो साल ग्यारा महीना किधर था? बॉर्डर पे?"

मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "दीदी, एक महीना कौन बोला?"

"काही तरी लिहिण्यात चुकलं असेल," मी म्हणाले.

तिनं डबा उचलला आणि मागं गेली. तिला कळलं होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटू दिलं नाही.

आणि तरी मी लगेच गेले नाही. पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात हिशेब घालत राहिले, की खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर गुन्हा लागेल, खोली पाडतील, दुकान जाईल. हे सगळं घडू शकत होतं. त्याच्यावर तर घडतच होतं. शनिवारी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले आणि गेले. साडी का नेसले, तर चांगल्या घरातली दिसावी म्हणून. तेही खरंच सांगते.

साहेबांना म्हणाले, "मी खोटं बोलले. तो तीन वर्षांपासून आहे. नोंद मी केली नाय. तो खरं बोलतोय."

मी धरून होते की ते भडकतील. त्यांनी कपाळाला हात लावला. "काय ताई तुम्ही पण! शिकल्या-सवरल्या बाया." मग हवालदाराला म्हणाले, "कोरा कागद दे यांना." मी अर्ज लिहिला : नजरचुकीने चुकीची माहिती दिली गेली, क्षमा असावी. अर्जाचं अक्षर सुंदर आलं. साहेबांनी वाचला, फाइलीला लावला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मी चहा घेतला. तो त्याच भिंतीपलीकडं बसला होता.

"आता त्याला सोडाल ना, साहेब?"

"ते आमच्या हातात नाय. त्याच्या गावच्या ठाण्याचं पत्र यायला पाहिजे. आमचं विचारणा-पत्र आधीच पाठवलं असतं, पण त्याच्या सांगण्यात आणि तुमच्या सांगण्यात फरक पडला म्हणून थांबलो होतो. आज पाठवतो."

पत्र आलं ते पुढच्या गुरुवारी. हा इथलाच, याचा बापही इथलाच, जमीनही इथलीच, एवढ्या चार ओळी. अकराव्या दिवशी तो सुटला. दाढी वाढलेली. पायातली चप्पल आत कुठंतरी हरवली होती, म्हणून अनवाणी चालत आला. माझ्या दुकानासमोरून गेला तेव्हा मी काउंटरच्या मागून उठले. त्यानं नेहमीसारखा हात कपाळाला लावला, "दीदी, सलाम," आणि मागं गेला. मला वाटलं, बरं झालं, राग नाही.

दोन दिवसांत त्यांनी सामान बांधलं. मी मागं जाऊन म्हणाले, "राहा की. आता फॉर्म करून देते, आजच."

तो गोणीला दोरी आवळत राहिला. बायको म्हणाली, "दीदी, आप को बुखार था, हम पंधरा दिन आप के घर में खाना बनाया. वो तो आप को याद था ना? तीन साल का याद नहीं था, वो तो याद था?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मी म्हणाले, "मला भीती वाटली."

"हम को भी," ती म्हणाली, आणि भांड्यांचं बोचकं डोक्यावर घेतलं.

ते मालद्याला गेले की बिडकीनकडं नवीन कामांवर, मला ठाऊक नाही. फोन लागत नाही. खोली आता एका लातूरच्या मुलीनं घेतलीय, कंपनीत क्वालिटीला आहे. तिचा फॉर्म मी पहिल्याच दिवशी ठाण्यात नेऊन दिला. हवालदारानं शिक्का मारताना तिचा एकही कागद वाचला नाही.

लोक अजून विचारतात, मॅडम, रोज जवळ काय काय ठेवायचं. मी सांगते, आधार मूळ ठेवा, मतदान कार्ड ठेवा, घरमालकाकडून भाड्याची नोंद करून घ्या. टाळत असला तर ती खोली घेऊ नका, असंही सांगते. ते मान डोलवतात आणि झेरॉक्स घेऊन जातात.