तळाशी बसलेली पावडर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच — तुम्हाला सांगतेय. आणि गंमत बघा, तो दिवस आठवला की लाज वाटायच्या आधी अंगात अजून तीच तरतरी येते!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात मी आणि प्रतिभा औषधशास्त्रात संशोधन करत होतो. ती हिंगणीची, गोंड घरातली, बाप जंगलखात्यात मजूर. मी सेलूच्या किराणा दुकानदाराची मुलगी. भांगेच्या पानांचा अर्क दिला की उंदरांना दुखणं कमी जाणवतं — पण कोणत्या वाटेने, हा प्रश्न होता. मेंदूत भांगेतलं द्रव्य जिथे बसतं, तीच जागा अडवून धरणारं एक औषध मिळतं, एएम२५१. ते आधी टोचायचं, मग अर्क द्यायचा. अर्काचा गुण गेला तर वाट तीच. राहिला तर — वाट दुसरीच! झोप लागेल का अशाने?

एवढुशी कुपी, परदेशातून आलेली, सहा महिने वाट पाहून. आली नेमकी संकष्टीला. ते औषध पाण्यात विरघळत नाही, आधी डीएमएसओ नावाच्या द्रावकात कालवावं लागतं. आणि डीएमएसओ बोटाला लागलं, अगदी हातमोज्यातून झिरपलं तरी, तोंडात लसणाची चव येते. आमच्याकडे चतुर्थीला लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. संध्याकाळी केळझरच्या गणपतीला जायचं होतं — आणि तोंडात लसूण?

"आज राहू दे व," प्रतिभा म्हणाली. "उद्या मी कालवून देतो. मले काई उपास नाई."

उद्या? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — तशी मी. ती वर्गावर गेल्यावर मी औषधाच्या कुपीत नुसतं सलाइन ओतलं, खूप हलवलं, टोचलं, आणि मग अर्क दिला.

मग काय सांगू! गरम पत्र्यावर उंदीर ठेवला. चटका जाणवला की उंदीर पंजा चाटतो; हा चाटेना. दुसराही तसाच. तिसराही! अर्काचा गुण जसाच्या तसा — म्हणजे वाट दुसरीच! मी अक्षरशः धावत गेले. आमचे गाईड सर खुर्चीतून उठले, प्रतिभाने मला मिठी मारली. पेढे आले, उपासाला चालतात म्हणून मी दोन खाल्ले. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

कुपी धुवायला घेतली — आणि तळाशी पांढरी पावडर. जवळजवळ सगळी.

उंदरांना औषधाऐवजी नुसतं खारट पाणी गेलं होतं; मेंदूतली जागा अडलीच नव्हती. बाहेर अजून हसणं चाललं होतं. बोलायला किती वेळ लागला असता? मी नळ सोडला, कुपी स्वच्छ धुतली आणि बाहेर जाऊन हसले.

त्या निकालावर मला पदवी मिळाली, नागपूरच्या परिषदेत बक्षीस मिळालं, पुढे त्याच कॉलेजात नोकरीही. आणि प्रतिभाला सरांनी पीएचडीला विषय दिला — ती दुसरी वाट शोधायची. जिला पुरावाच नव्हता. मला माहीत होतं की नव्हता! चार वर्षं ती शोधत राहिली. रोज कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर डबा उघडायची, आज काय फसलं ते सांगायची, आणि मी — मी तिला नवीन युक्त्या सुचवायचे. याला काय म्हणायचं? भित्रेपणा म्हणणं फार सौम्य आहे. सर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुले हे झेपत नाई, पोरी." तिने पीएचडी सोडली.

ती सामान बांधत होती तेव्हा मी तिथेच उभी होते.

"माह्या हातालेच यश नाई व," ती म्हणाली. "तुह्या हाताले हाय."

मी म्हणाले, "असतं एकेकाचं नशीब."

तिने मान डोलावली. तिला ते पटलं होतं.