सबब नामंजूर

आईनं प्राण सोडला तेव्हा मी नळदुर्गला पत्ते कुटत होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गावी, तेरला, तेरणा नदीच्या घाटावर एक गुरुजी क्रियाकर्म करायचे. निजामाच्या राज्याबरोबर त्यांची कचेरीतली कारकुनी गेली, पण भाषा राहिली. देवांनाही ते पुकारायचे, "वरुणदेव, हजर हो!" आम्ही टवाळ त्यांची नक्कल करून लई हसायचो.

आईच्या अस्थी घेऊन गेलो, तर त्यांनी विचारलं, "शेवटचं पाणी तुम्ही पाजलं न्हाय?"

"औषध आणायला गेलो होतो," मी म्हणालो.

माझ्याकडं टक लावून बघून ते नदीकडं वळले. "तेरणामाय, मुलाची सबब नामंजूर. मुलगा मंजूर कर!"

भाऊबंद नेहमीसारखे हसले. मीही हसलो. गुरुजींना साधा नमस्कारही केला नाही. तो अजून करायचा राहिलाय.